पित्त झालं म्हणजे काय झालं?



सुरुवातीलाच एक विनंती. ज्यांच्या खिशात, पर्समध्ये किंवा घरी उशाशी पित्ताच्या गोळ्यांची पट्टी असते, त्यांनी हात वर करावेत. संकोच नको. बरेच हात आहेत. आता, गेल्या वर्षभरात याच पित्ताबद्दल ज्यांनी मोबाइलवर चॅटबॉटला काही विचारलं, त्यांनी हात वर करावेत. हेही हात कमी नाहीत, आणि सगळे तरुणांचेच आहेत असंही नाही. पहिल्या रांगेतल्या दोन आजींचे हात मला दिसत आहेत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मनातल्या मनात द्या. तुम्हाला मिळालेला सल्ला चांगला होता की वाईट, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

आज मला या तिसऱ्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, त्यांना या गावात कुणी डॉक्टरसाहेब म्हटलं नाही. ते सगळ्यांचे डॉक्टरकाका. एमबीबीएस झाल्यावर, पुढच्या प्रवेशाची वाट पाहत असताना, मी काही महिने त्यांच्या दवाखान्यात बसलो. त्यांच्या खुर्चीशेजारी माझं स्टूल. माणूस आत यायचा आणि टेकायच्या आधी म्हणायचा, ‘‘डॉक्टरकाका, पित्त झालंय.’’ माझा हात लगेच चिठ्ठीकडे जायचा. काका माझ्या मनगटावर हात ठेवायचे आणि समोरच्याला विचारायचे, ‘‘पित्त झालं म्हणजे काय झालं?’’

एका मावशींनी सांगितलं, अर्धं डोकं ठणकतं, उजेड सहन होत नाही, पिवळं पाणी उलटून पडलं की मोकळं वाटतं. ती अर्धशिशी होती. एका मुलाने बाही वर करून दंडावरच्या लालसर गांधी दाखवल्या. एका शिक्षकांना रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी यायचं. आणि एक हमाल म्हणाला, ‘‘पोतं घेऊन चढ चढायला लागलो की छातीत जळतंय, टेकलो की थांबतंय.’’ काकांनी त्याला पित्ताची गोळी लिहिली नाही. हातातलं काम ठेवून त्याला त्याच दिवशी कार्डिओग्रामसाठी जिल्ह्याला पाठवलं.

एकच शब्द, चार आजार. चौघांनाही ‘मसालेदार खाऊ नका, थंड दूध घ्या’ असं सांगितलं असतं, तर त्या वाक्यात चूक काहीच नव्हती. शिक्षकांना थोडा आराम पडला असता, मावशींना आणि मुलाला तो सल्ला निरुपयोगी ठरला असता आणि हमालाचा कदाचित जीव गेला असता.

चॅटबॉटचा सल्ला तपासताना आपण सगळे उत्तराकडे बघतो. उत्तर बरोबर आहे का, पूर्ण आहे का, कळतं का. माझं म्हणणं असं आहे की पित्ताच्या बाबतीत सल्ल्याची प्रत उत्तराच्या आधी ठरते. उत्तर देण्यापूर्वी विचारलं काय, यावर ठरते.

आधी आजार थोडा समजून घेऊ, नाहीतर मोजायचं काय तेच कळणार नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक गोल पकड असते. घास खाली उतरताना ती सैल होते आणि पुन्हा आवळते. काहींच्यात ती नको तेव्हा सैल पडते, विशेषतः पोट तुडुंब भरलेलं असताना. काहींच्यात जठराचा वरचा भाग श्वासपटलातून छातीच्या पोकळीत सरकलेला असतो. त्याला आम्ही हायटस हर्निया म्हणतो. जठराच्या आतल्या बाजूला चिकट स्रावाचा थर असतो, म्हणून आम्लाने त्याला इजा होत नाही. अन्ननलिकेला तसं संरक्षण नाही. तेच आम्ल वर आलं की ती पोळते. म्हणजे ज्याला आपण ‘ॲसिडिटी वाढली’ म्हणतो, त्यात बऱ्याचदा आम्ल वाढलेलं नसतंच. ते नको त्या जागी गेलेलं असतं. थोडंफार वर येणं सर्वांनाच होतं. त्याचा त्रास होऊ लागला किंवा त्याने इजा झाली, की त्याला रोग म्हणायचं, अशी व्याख्या जगभरच्या तज्ज्ञांनी २००६ साली मॉन्ट्रियलच्या सहमतीत केली.

औषधांची गोष्टही अशीच समजून घेण्यासारखी आहे. १९८८ साली ओमेप्राझोल बाजारात आलं आणि या आजाराचं चित्र बदललं. पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल ही त्याचीच भावंडं. जठराच्या पेशींत आम्ल बाहेर टाकणारे पंप असतात. अन्न पोटात आलं की ते कामाला लागतात. ही गोळी चालू पंपाला पकडते, निजलेल्या पंपावर तिचा फारसा प्रभाव पडत नाही. म्हणून ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची. आपल्याकडे ती कधी घेतली जाते? रात्री जेवून झाल्यावर, जळजळ सुरू झाली की. मग गोळी लागू पडत नाही म्हणून दुसरी, दुसरी नाही म्हणून तिसरी. पेशंटला ‘कोणती गोळी’ हे माहीत असतं, ‘कधी’ हे कुणी सांगितलेलं नसतं. ही एक ओळ सांगणारा सल्ला, मग तो माणसाने दिलेला असो की यंत्राने, माझ्या लेखी मोलाचा आहे. आणि हे कबूल केलं पाहिजे की बहुतेक चॅटबॉट ही ओळ न विसरता सांगतात. आम्ही डॉक्टर घाईत विसरतो.

आता मोजपट्ट्या. आरोग्याची माहिती जोखण्याचे प्रयत्न चॅटबॉटच्या फार आधीपासूनचे आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस ऑक्सफर्डमध्ये ‘डिसर्न’ नावाची प्रश्नावली तयार झाली. त्यात १६ प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण. माहितीचा हेतू स्पष्ट आहे का, ती कुठून घेतली ते सांगितलं आहे का, उपचाराचे फायदे-तोटे दोन्ही दिले आहेत का, उपचार न घेतल्यास काय होईल ते लिहिलं आहे का. चांगले प्रश्न आहेत. दुसरी मोजपट्टी वाचनसुलभतेची. वाक्य किती लांब, शब्दात उच्चाराचे अवयव किती, यावरून मजकूर किती शिकलेल्या माणसाला कळेल ते काढायचं. तिसरी, तज्ज्ञांनी बसून उत्तरांना गुण द्यायचे. चॅटबॉट आल्यापासून जगभर याच तिन्ही पट्ट्या लावल्या जात आहेत.

पण ‘डिसर्न’ बनलं ते छापील माहितीपत्रकासाठी. माहितीपत्रक तुम्हाला उलट प्रश्न विचारू शकत नाही, म्हणून ‘याने विचारलं का?’ हा रकाना त्या प्रश्नावलीत नाही. तो असण्याचं कारणच नव्हतं. वाचनसुलभतेची सूत्रं इंग्रजीसाठी घडली. जोडाक्षरांच्या आणि प्रत्ययांच्या मराठीला ती लावणं म्हणजे धान्याच्या मापाने कापड मोजणं. बोलणाऱ्या यंत्राला आपण पत्रकाची फूटपट्टी लावतो आहोत.

२०२३ साली अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांनी याच आजारावर चॅटजीपीटीची परीक्षा घेतली. २३ प्रश्न, प्रत्येक तीनदा विचारला. ९१.३ टक्के उत्तरं पूर्ण किंवा बहुतांशी योग्य ठरली. पूर्णपणे योग्य मात्र २९ टक्केच. त्या ९१.३ मधली उरलेली ‘बहुतांशी’ या शब्दात. आणि तोच प्रश्न पुन्हा विचारल्यावर उत्तरात काही ठिकाणी फरक पडला.

इथे जरा थांबू या. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो, कारण एका भांड्यातला भात एकसारखा शिजतो. या यंत्राचं तसं नाही. सकाळी दिलेलं उत्तर आणि संध्याकाळी दिलेलं उत्तर एकाच प्रश्नाला वेगळं असू शकतं. तुमच्या शेजाऱ्याला उत्तम सल्ला मिळाला, म्हणून तुम्हालाही तोच मिळेल असं नाही. ‘मी विचारून बघितलं, छान सांगतं’ हे वाक्य म्हणूनच पुरावा होऊ शकत नाही. तज्ज्ञांनी तीन-तीनदा विचारलं ते यासाठी.

आणि दुसरी गोष्ट. ते २३ प्रश्न लिहिले कुणी? डॉक्टरांनी. प्रश्नातच आजाराचं नाव होतं. पेशंटकडे आजाराचं नाव नसतं. त्याच्याकडे असते जळजळ, भीती, आणि ‘पित्त’ हा एक शब्द.

मग सामान्य माणसाने विचारलं तर काय होतं? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या १,२९८ लोकांवर नेमकं हेच तपासलं. डॉक्टरांनी दहा प्रसंग लिहून दिले: तुम्हाला असं असं होतंय, आता काय झालं असेल आणि कुठे जायचं ते ठरवा. प्रसंगाचा पूर्ण मजकूर थेट यंत्राला दिला, तेव्हा यंत्राने ९४.९ टक्के वेळा आजार ओळखला. मग माणसांना त्याच यंत्राशी बोलून ठरवायला सांगितलं. तेव्हा बरोबर आजार सापडण्याचं प्रमाण ३४.५ टक्क्यांच्याही खाली आलं. यंत्र न वापरता, नेहमीच्या पद्धतीने माहिती शोधणाऱ्यांपेक्षा हे लोक सरस ठरले नाहीत.

पंचाण्णवचे पस्तीस. यंत्र तेच, आजार तेच, माणसंही चांगली लिहिती-वाचती. मग मधली साठ टक्के कुठे गेली? ती संभाषणात सांडली. माणसाने सगळं सांगितलं नाही, कारण काय सांगायचं हे त्याला माहीत नव्हतं. यंत्राने ते काढून घेतलं नाही. आणि यंत्राने जे अंदाज पुढे ठेवले, त्यातला कोणता उचलायचा हे माणसाला कळलं नाही. दवाखान्यात या तिन्ही जागी डॉक्टर उभा असतो. डॉक्टरकाकांचा हात माझ्या मनगटावर पडायचा तो यातल्या पहिल्या जागेसाठी.

माझ्या स्वतःच्या पेशंटचा एक प्रसंग सांगतो. ओळख पटेल असं काही सांगत नाही. एका गृहस्थांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवली होती. रक्त पातळ ठेवण्याच्या दोन गोळ्या चालू होत्या आणि त्या गोळ्यांनी जठराला जखम होऊ नये म्हणून पित्ताची एक. त्यांनी एका रात्री मोबाइलवर विचारलं, ‘पित्ताची गोळी वर्षानुवर्षं घेणं वाईट असतं का?’ उत्तर आलं: दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, हाडं मोडण्याच्या धोक्याशी संबंध दिसला आहे, गरज नसेल तर बंद करण्याचा विचार करावा, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्यांनी मला ते नंतर दाखवलं. मी एकेक वाक्य वाचलं. एकही वाक्य खोटं नव्हतं. ‘डिसर्न’च्या कागदावर मी स्वतः त्याला चांगले गुण दिले असते.

ते वाचून, मला न विचारता, त्यांनी गोळी बंद केली होती. काही आठवड्यांनी ते माझ्यासमोर आले ते डांबरासारखी काळी शौचाला होते म्हणून. जठरातून रक्तस्राव होत होता. सुदैवाने वेळेत आले आणि वाचले.

चूक कुठे झाली? उत्तरात नव्हती. ‘तुम्ही आणखी कोणत्या गोळ्या घेता?’ हा एक प्रश्न मध्ये पडायला हवा होता. तो पडला असता तर तीच माहिती, तीच वाक्यं उलट्या सल्ल्याला जाऊन मिळाली असती: तुमच्या बाबतीत ही गोळी बंद करू नका. बरोबर उत्तराने माणूस दवाखान्यात पोचतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

१९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा संवाद करणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. त्याला कशाचंही ज्ञान नव्हतं. मानसोपचारतज्ज्ञाच्या थाटात तो तुमचंच वाक्य उलटवून तुम्हाला विचारायचा. तुम्ही म्हणालात, मला उदास वाटतं. तो म्हणायचा, उदास का वाटतं? तरी लोक त्याच्याशी मन मोकळं करू लागले आणि त्याने त्याचा कर्ताच अस्वस्थ झाला. त्या पहिल्या यंत्राला माहीत काही नव्हतं, विचारणं तेवढं येत होतं. आजच्या यंत्राला ग्रंथालयभर माहीत आहे आणि ते विचारण्याआधी सांगायला लागतं. साठ वर्षांत आपण ज्ञान भरलं, पण विचारण्याची सवय मागे पडली. अलीकडे ती परत आणण्याची खटपट दिसते, आणि मला त्याचा आनंद आहे. ओपनएआयने २०२५ साली ६० देशांत काम केलेल्या २६२ डॉक्टरांच्या मदतीने ५,००० संभाषणांची एक कसोटी तयार केली; त्यात ‘अपुरी माहिती असताना यंत्र ती मागून घेतं का’ हा स्वतंत्र विभाग आहे. कसोटी बनवणारे तेच आणि यंत्र बनवणारेही तेच, ही त्यातली अडचण उघड आहे. तरी दिशा योग्य आहे.

आता मराठीकडे येतो. हा माझ्या जिव्हाळ्याचा भाग आहे, थोडा वेळ जास्त घेईन.

‘पित्त’ या शब्दाला आपण अडाणी समजू नये. आम्लपित्ताला माधवनिदानात स्वतंत्र अध्याय आहे. शेकडो वर्षांपूर्वी आपल्याकडच्या वैद्यांनी ही जळजळ, हे आंबट ढेकर वेगळे ओळखले होते. पण बोलता बोलता हा शब्द फार पसरला. ‘पित्त झालं’ म्हणजे एक, ‘पित्त उठलं’ म्हणजे दुसरं, ‘पित्त पडलं’ म्हणजे तिसरं. पित्ताचे खडे म्हटलं की आपण थेट यकृताखालच्या पिशवीपर्यंत पोचतो. शिवाय करपट ढेकर, घशाशी येणं, छातीत आग पडणं, गॅस वर चढणं. या प्रत्येकात एक सूक्ष्म खूण आहे आणि आपल्या आईला, आजीला ती कळते.

मी एका चॅटबॉटला लिहिलं, ‘पित्त उठलंय, काय करू?’ मराठी माणूस याचा अर्थ अंगावर गांधी उठल्या असा घेईल. मला तिखट-तेलकट टाळण्याचा आणि थंड दूध घेण्याचा सल्ला मिळाला. दुसऱ्या दिवशी तेच लिहिलं, तेव्हा पित्ताशयाची चर्चा झाली. दोन्ही वेळा भाषा सभ्य, वाक्यं सफाईदार, आवाज धीराचा. ‘अंगावर उठलंय का?’ हे तीन शब्द कुठेच नव्हते. गांधींबरोबर ओठ किंवा जीभ सुजली, श्वास घ्यायला जड वाटलं, तर ते तातडीचं असतं. ते कोण विचारणार? आजार म्हशीला आणि औषध पखालीला, अशी गत होते.

हे एकट्या मराठीचं दुखणं नाही. इंग्रजी, स्पॅनिश, चिनी आणि हिंदी या चार भाषांत आरोग्याचे तेच प्रश्न विचारून केलेला एक अभ्यास आहे. इंग्रजीच्या बाहेर पडलं की उत्तरांची अचूकता घसरते आणि सुसंगतीही, असं त्यात दिसलं. हिंदीची ही स्थिती, तर मराठीची कशी असेल? इंग्रजीत यंत्राला मिळालेले गुण आपण मराठीच्या खात्यावर जमा करू शकत नाही.

भाषेच्या पलीकडे राहणी आहे. ठरलेली यादी येते: चॉकलेट टाळा, पेपरमिंट टाळा, कॉफी कमी करा. समोरचा माणूस रात्री दहाला ठेचा-भाकरी खाऊन लगेच आडवा होणारा असतो. उपवासाच्या दिवशी तळलेल्या मिरचीसह साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, आणि दिवसभर चहा. पलंगाचं डोकं सहा ते आठ इंच उंच करा, हा सल्ला उत्तम आहे. उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या की काम होतं, आणि नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडून उलट त्रास होतो. पण जो जमिनीवर सतरंजी टाकून झोपतो त्याचं काय? त्याला डाव्या कुशीवर झोपायला सांगा, रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवायला सांगा. त्याच्या घरात बसेल असं काही सांगा.

एक उदाहरण मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. एका बाईंना विचारलं, धूम्रपान करता का? त्या म्हणाल्या, ‘‘छे हो!’’ खरंच होतं ते. त्या सकाळ-संध्याकाळ मिश्री लावत होत्या. तंबाखूतलं निकोटिन ती अन्ननलिकेची पकड सैल करतं. ते धुरातून गेलं काय आणि हिरड्यांतून गेलं काय, परिणाम त्याचाच. नुसता प्रश्न विचारून भागत नाही, तो पेशंटच्या शब्दात विचारावा लागतो. यंत्राने ‘मिश्री लावता का?’ असं विचारलं, त्या दिवशी मी त्याला उभं राहून दाद देईन.

मग मी स्वतः काय बघतो? पेशंट मोबाइल पुढे करतो तेव्हा मी उत्तर आधी वाचत नाही. संभाषण वर सरकवतो आणि यंत्राने काही विचारलं का ते शोधतो. घास अडकतो का? हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा प्रश्न. पेशंट हे आपणहून सांगत नाही, कारण त्याने तोवर पाण्याच्या घोटाबरोबर घास ढकलायची सवय लावून घेतलेली असते. वजन उतरलं का? रक्ताची उलटी, काळी शौच? रक्त कमी असल्याचं कुणी सांगितलं होतं का? यातलं काहीही असेल तर गोळ्यांचा खेळ थांबवून दुर्बीण घालून आत बघावं लागतं. मग इतर गोळ्या: गुडघ्यासाठीची वेदनाशामक, रक्त पातळ करणारी, थायरॉइडची. थायरॉइडच्या गोळीबरोबर अँटासिड घेतलं तर तिचं शोषण कमी होतं. रक्तदाब असणाऱ्याला रोज सोडा प्यायला सांगणं म्हणजे मिठाची भर घालणं. यातलं काही न विचारता जर एका पानाचं सुंदर उत्तर आलं असेल, तर ते माझ्याकडे नापास होतं.

आणि ‘डॉक्टरांचा सल्ला घ्या’ या शेवटच्या वाक्याला मी एकही गुण देत नाही. ते सगळ्यांना सारखंच सांगितलं जातं, म्हणून ते कुणालाच सांगितलं जात नाही. कुणी आत्ता जायचं, कुणी या आठवड्यात जायचं, कुणी गोळी आठ आठवडे नीट वेळेवर घेऊन मग दाखवायचं, हे वेगवेगळं सांगितलं तर तो सल्ला.

एवढं सगळं बोलल्यावर माझ्या व्यवसायबंधूंना दोन शब्द बोलायलाच हवेत. काही जण समोर बसले आहेत. २०२३ साली अमेरिकेत १९५ प्रश्नांवर डॉक्टरांची आणि चॅटबॉटची उत्तरं शेजारी शेजारी ठेवून ती आरोग्यक्षेत्रातल्या तज्ज्ञांना नावं न सांगता दाखवली. ७८.६ टक्के वेळा त्यांनी चॅटबॉटचं उत्तर पसंत केलं, आणि त्यात आपुलकी जास्त आहे असंही सांगितलं. ती उत्तरं लांब होती, डॉक्टरांची आखूड होती, हे खरं. पण रात्री दोन वाजता छाती जळत असताना जागं कोण असतं? तोच प्रश्न चौथ्यांदा विचारल्यावर कोण चिडत नाही? बाहेर चाळीस जण ताटकळत असताना आपण ‘पित्त झालं म्हणजे काय झालं?’ हे विचारतो का? नाही विचारत. चिठ्ठी लिहितो. न विचारता लिहिलेली चिठ्ठी आणि न विचारता आलेलं उत्तर यांना मी एकाच मापाने मोजतो. लोक यंत्राकडे गेले ते आपण प्रश्न विचारणं सोडल्यानंतर गेले, हे आपण मान्य करू या आणि उद्या सकाळच्या पहिल्या पेशंटपासून सुधारू या.

तुम्हाला सगळ्यांना मी मोबाइल ठेवून द्या असं सांगणार नाही. ते होणारही नाही. विचारा, पण ‘पित्त झालंय’ असं लिहू नका. नेमकं काय होतं, कुठे होतं, जेवल्यावर होतं की चालताना, किती दिवसांपासून, कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत, साखर-रक्तदाब आहे का, तंबाखू-मिश्री आहे का, हे सगळं लिहा. आणि शेवटी एक ओळ घाला: ‘उत्तर देण्याआधी तुला जे विचारायचं असेल ते मला विचार.’ उत्तराचा नूर बदललेला तुम्हाला दिसेल. चालू असलेली कुठलीही गोळी त्याच्या सांगण्यावरून बंद करू नका. केमिस्टकडून दोन आठवड्यांहून जास्त काळ स्वतःच गोळ्या आणत असाल, तर एकदा येऊन दाखवा.

आणि एक गोष्ट, जी मी आज तुमच्याकडून मागून घेणार आहे. हृदयाची आणि अन्ननलिकेची संवेदना मेंदूकडे बऱ्याच अंशी एकाच वाटेने जाते. म्हणून हृदयाचा झटका जळजळीसारखा येऊ शकतो, ढेकर आणि मळमळ घेऊन येऊ शकतो, मधुमेह्यांमध्ये आणि बायकांमध्ये तर विशेष. छातीत जळतंय आणि घाम फुटलाय, किंवा कळ हाताकडे, जबड्याकडे जातेय, किंवा दम लागतोय, किंवा चालताना जळतं आणि थांबल्यावर शमतं, असं यातलं काहीही असेल, तर सोडा पिऊन वाट बघू नका आणि मोबाइलवर काहीही टाइप करू नका. त्याच मोबाइलवरून १०८ लावा.